आतलं लोखंड

आमच्या कारखान्यात कोण येऊन गेलं ते जमिनीवर बघून कळायचं. पेणात कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच, वेगळं सांगावं लागत नाही. प्लास्टरची पांढरी भुकटी फरशीवर कायम पसरलेली आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांचे पाय उमटलेले. अप्पांचा पाय म्हणजे टाच, बाहेरून एक बारीक पट्टी आणि पुढे चवडा. आईचाही तसाच, जरा लहान. माझ्या धाकट्या बहिणीचा, वासंतीचा पाय मात्र अख्खाच्या अख्खा उमटायचा, मधे खोबण म्हणून नाही. मी तिला "आली गो बदकीण" म्हणून चिडवायचो आणि ती हातातला शाडूचा ओला गोळा माझ्या पाठीत हाणायची. नेम पक्का होता तिचा. आई आतून ओरडायची, "मेल्यांनो, ती माती फुकट येते काय?" आणि दिवसभर चाललेली काचकागदाची घासघूस तेवढ्यापुरती थांबायची, कारण कामगारही हसायचे.

नेम पक्का होता म्हणूनच की काय, पण डोळ्यांचं काम तिच्याकडे गेलं. मूर्तीचं अंग कुणीही रंगवू शकतो. सोंड, पीतांबर, दागिने, सगळं शिकवून येतं. डोळ्यांची आखणी शिकवून येत नाही. बारीक कुंचला, काळी रेघ, एका दमात वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ. रेघ जरा कापली की देव तुमच्याकडे बघतच नाही, कुठंतरी भलतीकडे बघतो. आमच्याकडे ते काम अप्पा करायचे आणि वासंती बारा वर्षांची झाल्यापासून घरगुती मूर्तींचे डोळे तिच्याकडे आले, पुढे हळूहळू मोठ्यांचेही. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा. घरातला एकुलता मुलगा, पुढे कारखाना माझ्याच गळ्यात पडणार हे सगळ्यांना ठाऊक. आणि माझ्या हाताला कंप. अप्पा माझ्या रेघेकडे बघायचे आणि म्हणायचे, "हात हाय का वल्हं?" कामगारांसमोर म्हणायचे. मला ते लागायचं. अजूनही, एवढा सत्तरीला टेकलो तरी, लिहिताना कान गरम झाले.

तेराव्या-चौदाव्या वर्षी वासंतीचा पाय दुखायला लागला. आधी आम्हाला वाटलं, नाटकं करते. शाळेतून येऊन ती ओटीवर बसायची आणि पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याखाली, अंगठ्यानं दाबत राहायची. चपलेची आतली कड महिन्याभरात झिजून जायची. मागून बघितलं तर उजवी टाच सरळ राहिली नव्हती, बाहेर वळली होती, आणि पायाचा आतला भाग जमिनीला टेकून फुगल्यासारखा दिसायचा. पेणच्या डॉक्टरांनी बुटात घालायला चामड्याची उशी करून दिली. तिनं ती वर्षभर वापरली, पण दुखणं काही हटलं नाही. मोठ्या मूर्तीसमोर फळीवर उभं राहून काम करायचं म्हणजे तासभरात तिचा चेहरा उतरायचा. शेजारच्या एक आजी आईला म्हणाल्या, "सपाट पायाची पोर, पुढं सासरी निभायचं कसं गो?" आईनं त्यांना चहा न देता परत पाठवलं. आमची आई तशी होती.

मामा रोह्याला राहायचा. नदीच्या पलीकडे, अष्टमीत, दोन खोल्या आणि मागं पडवी. कंपनीत शिफ्टला होता. त्यानं निरोप पाठवला की मुंबईचे एक हाडांचे डॉक्टर दर आठवड्याला रोह्याच्या एका दवाखान्यात येतात, पोरीला घेऊन या. डॉक्टर तरुण होते, फार कमी बोलायचे. त्यांनी वासंतीला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, मागून बघितलं, पाय हातात घेऊन इकडं-तिकडं फिरवला, फोटो काढला. मग अप्पांना म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. टाचेचं हाड कापून थोडं आत सरकवायचं आणि लांब स्क्रूनं धरून ठेवायचं. पायाच्या बाहेरच्या बाजूचं हाडही कापून, फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा घालायचा आणि वर बारीक पट्टी स्क्रूनं बसवायची. पोटरीची शीरही थोडी लांब करायची. अप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे आत लोखंड घालणार." डॉक्टर हसले. म्हणाले, "स्टील. पण दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात नाही. मग आपण परत फोटो काढू." दारापर्यंत येऊन त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. मी तिथंच उभा होतो, मी ऐकलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

ऑपरेशन नीट झालं. आषाढ होता आणि आमच्या घरात भुकटी, रंग, पंचवीस माणसांचा राबता, तेव्हा वासंतीला मामाकडेच ठेवायचं ठरलं. मालनमामीनं तिला अगदी तळहातावर सांभाळलं. माझी ही मामी ठेंगणी, कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. मोरीत न्यायचं तर तिच्या काखेत हात घालून, एका पायावर उड्या मारवत न्यायची आणि वर दम द्यायची, "पाय खाली लावशील तर माझ्याशी गाठ हाय." हाड जुळायला म्हणून रोज नाचणीची खीर. दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कंटोळ्यांची भाजी. वासंतीला कंटोळी आवडायची नाहीत, तर तिच्यासाठी वेगळी बटाट्याची काचरी. मामीचा विलास तेव्हा सात-आठ वर्षांचा. तो प्लास्टरवर पेन्सिलीनं चित्रं काढायचा आणि धपाटा खायचा. कंपनीचा भोंगा झाला की मामी म्हणायची, "आला हां तुझा मामा." आणि खरंच अर्ध्या तासात सायकलची घंटा वाजायची.

श्रावणात मी तिथं गेलो तो कामासाठी. अष्टमीतल्या एका मंडळानं आमच्याकडं आठ फुटी मूर्ती सांगितली होती. वडखळपासून पुढं रस्त्याची अशी काही चाळण झालेली की रंगवलेली मूर्ती नेली असती तर पोचेपर्यंत निम्मे दागिने गळाले असते. म्हणून पांढरीच नेऊन मंडळाच्या शेडमधे रंगवायची ठरली. अप्पा अडकले होते. जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "शशी, अंगरंगाला माणूस देतो. डोळे तू कर. परवा मी बघायला येतो." बस्स, एवढंच. पण त्यात काय होतं ते मला कळलं आणि घरातल्या सगळ्यांना कळलं. आईनं निघताना हातावर दही घातलं.

अंगरंगाच्या माणसानं दीड दिवसात काम उरकलं आणि तो एसटीनं पेणला परतला. शेडमधे मी आणि बाप्पा. मी डावा डोळा आखला. रेघ मधेच थरथरली. टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसली, त्या जागी रंग लावून वाळवला, परत आखली. आता पापणी वर चढली, देव रागावल्यासारखा दिसायला लागला. परत पुसली. तिसऱ्यांदा पुसताना खालचा अंगरंग फाटला आणि पांढरं दिसायला लागलं. उद्या अप्पा येणार, शेडमधे मंडळाची पोरं उभी राहणार आणि त्यांच्यासमोर मला वल्हं म्हणणार. मी कुंचला-रंग तसेच टाकले आणि मामाच्या घरी गेलो. दोन गल्ल्या पलीकडं.

मामा पहिल्या पाळीला गेलेला. मामी विलासला घेऊन पूल ओलांडून बाजारात गेलेली. जाताना वासंतीला सांगून गेली होती, "तासाभरात येते, खाटेवरून उठू नको हां." वासंती पडवीत खाटेवर बसून वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, डोळे तूच कर. ती म्हणाली, "अरे मग मला मूर्ती खाली झोपवून दाखवणार काय?" मी म्हटलं, तुला पाठीवर नेतो. फळीवर स्टूल ठेवतो, तू बसून कर. तिनं मान हलवली. "बसून रेघ येत नाय दादा. रेघ कंबरेतून येते. आणि डॉक्टरांनी पाय टेकवायचा नाय सांगितलाय."

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "अगो, आत लोखंड घातलंय ना? आणि वरून प्लास्टर. आपला आठ फुटी बाप्पा कशावर उभा राहतो सांग बघू? आत दोन सळया, काथ्या, आणि वरून प्लास्टर. एक दिवस वाळला की त्याच्या मांडीवर पाय देऊन आपण मुकुट रंगवतो. हलतो काय? तुझं प्लास्टर तर महिना झाला वाळलंय." ती हसली. कारखान्यातलीच पोर ती. तिला पटलं. दुसऱ्या कुणाच्या घरात हे कुणाला सुचलं नसतं आणि पटलंही नसतं. लोक प्लास्टर बघून घाबरतात. आम्ही जन्मापासून त्याच्यावर चढत-उतरत आलो होतो. तिलाही महिनाभर खाटेवर बसून कंटाळा आला होता, तिलाही कुंचला हातात धरायचा होता, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असेलही. पण तिनं नको म्हटलं होतं आणि मी तिला समजावलं होतं.

मी तिला पाठीवर घेऊन गेलो. दोन ड्रमांवरच्या फळीवर चढवली. आधी ती डाव्या पायावरच तोल सांभाळून उभी राहिली, एक हात माझ्या खांद्यावर. पण रेघ घ्यायच्या वेळी तिनं हात काढला आणि दोन्ही पाय टेकले. मी बघितलं. मी वाटी पुढं केली. तिनं श्वास धरला आणि पापणी अशी ओढली की माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही डोळे व्हायला पाऊण तास लागला असेल. मी खाली उभा राहून वाटी धरली होती आणि मनात एकच होतं, मामी यायच्या आत उरकू दे. "चल, उतर लवकर," मी म्हणालो. लवकर म्हणालो. मी वाटी ठेवून हात देईपर्यंत ती घाईनं खाली आली आणि सगळं अंग त्या पायावर पडलं. "आई गो!" एवढंच ओरडली. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, दुखतंय? ती म्हणाली, "आता नाय तेवढं." मी तिला घरी आणून खाटेवर ठेवलं, वालाची परात मांडीवर दिली आणि म्हटलं, "कुणाला सांगू नको हां." मामी आली तेव्हा मी ओटीवर पाणी पीत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. शेडमधे चप्पल काढून कितीतरी वेळ त्या डोळ्यांकडं बघत उभे राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बसला रे शशी, हात बसला." मंडळाची पोरं होती, त्यांच्यासमोर. मामाकडं जेवायला बसले तर मामीनं काकडीचं गोड धोंडस केलं होतं, ते दोनदा मागून घेतलं. वासंतीला म्हणाले, "तुझ्या भावानं आज नाव काढलं." ती म्हणाली, "व्हय?" आणि ताटाकडं बघत राहिली. तिचा पाय उशीवर होता. रात्रभर ठणकत होता, हे मामी सांगत होती. मी भात वाढून घेतला.

दोन आठवड्यांनी फोटो काढायचा दिवस आला. अप्पा पेणहून आले होते, मामी तर होतीच, मीही गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मग आम्हाला बोटानं दाखवलं. टाचेतला लांब स्क्रू मधे वाकून तुटला होता. सरकवलेलं हाड परत बाहेर घसरलं होतं आणि घसरलेल्या जागीच जुळायलाही लागलं होतं. अप्पा म्हणाले, "लोखंड तुटलं? एवढं कच्चं?" डॉक्टर म्हणाले, "काका, हा स्क्रू माणसाला पेलायला नसतो. हाड जुळेपर्यंत दोन तुकडे जागचे हलू नयेत, एवढंच त्याचं काम. वजन हाडानंच घ्यायचं असतं, तेही जुळल्यावर. त्याआधी वजन टाकलं तर कुठलाही स्क्रू जाईल." मग वासंतीकडं वळून विचारलं, "पाय टेकवला होतास का, बाळ? आणि कधी? लगेच कळलं असतं ना, तर उघडून जागेवर आणता आलं असतं. आता सगळं अवघड झालं."

लगेच कळलं असतं तर. मी तिथं उभा होतो. वासंतीनं माझ्याकडं बघितलं. मी फोटोकडं बघत राहिलो, जसं काही मला त्यातलं कळतं. मग तिनं हळूच सांगितलं, "मोरीत जाताना टेकला असेल." मोरीत तिला मामी न्यायची. मामी एकदम म्हणाली, "नाय हो, मी एकदाही टेकू दिला नाय, देवाशप्पथ." पण ती म्हणताना तिचाच आवाज बारीक झाला. ती आठवायला लागली होती. आपलाच हात कधी सुटला का, हे ती बिचारी मनात शोधत होती, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अप्पा दवाखान्याच्या पायरीवर तिला म्हणाले, "वहिनी, पोर तुमच्या भरवशावर टाकली होती. जमत नव्हतं तर सांगायचं होतं." मामीनं घरी जेवण करून ठेवलं होतं. अप्पा त्या घरात शिरले नाहीत. वासंतीचं गाठोडं बाहेर मागवलं आणि आम्ही गाडीनं पेणला आलो.

पुढच्या वर्षी मुंबईत दुसरं ऑपरेशन झालं. तोवर घोट्याखालचा सांधा झिजायला लागला होता, तेव्हा तो जामच केला, नवीन स्क्रू घालून. या वेळी ती तीन महिने हलली नाही आणि हाड नीट जुळलं. दुखणं गेलं, पण पाय दोन्ही बाजूंना वळायचा तेही गेलं. सपाट फरशीवर कुणाच्या लक्षात येत नाही. खडबडीत जमिनीवर, बांधावर, फळीवर तिचा तोल जातो. तिनं मोठी मूर्ती पुन्हा केली नाही. खाली बसून घरगुती मूर्तींचे डोळे मात्र करत राहिली. बसून रेघ काढायला शिकली, त्याला दोन वर्षं लागली. मोठ्या मूर्ती माझ्याकडं आल्या, कारण माझा हात बसला होता ना. झक मारत शिकलो. वीस वर्षं अप्पा गिऱ्हाइकांना अष्टमीच्या त्या डोळ्यांची गोष्ट सांगायचे आणि मी रंग कालवत ऐकायचो. ते रोह्याला परत गेले नाहीत. मामाच्या घरचं लग्न असो, बारसं असो, आई एकटी जायची आणि डोळे सुजवून यायची. अप्पा गेले तेव्हा मामी आली होती, पण ओटीवरच बसली, आत आली नाही. मी तिला पाण्याचा तांब्या दिला. तेव्हाही सांगता आलं असतं.

यंदा वासंतीचा घोटा सुजला म्हणून मी तिला डॉक्टरकडं घेऊन गेलो. हल्ली फोटो पडद्यावर दिसतो. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा जुन्या स्क्रूचा तुटका तुकडा आहे टाचेत. काढला नाही वाटतं? असू दे, काही करत नाही तो." बाहेर बाकावर बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "तू तेव्हा का नाय गो सांगितलंस?" तिनं पर्स बंद केली आणि म्हणाली, "मी वाट बघत होते. तू सांगशील म्हणून. गौरी गेल्या, दिवाळी गेली. मग सोडून दिलं." मी काहीतरी बोलायला लागलो, माफ कर वगैरे, तर तिनं हात झटकला. "माझं सोड दादा. माझा पाय होता, मी निभावला. खोटं मीपण बोलले, ते मी मामीला दहा वर्षांमागं सांगितलं. पण तुझं नाव नाय घेतलं. ते तुझं तू बघ."

मी पुढच्याच आठवड्यात रोह्याला गेलो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. घर आता पक्कं झालंय, वर मजला चढलाय. मामी ऐंशीच्या पुढची, पुढच्या खोलीत खाटेवर बसलेली, कानाला कमी पण डोळे तसेच. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं. शेड, फळी, बाजारातला तो तास, दोन्ही पाय, सगळं. आवाज चढवून सांगावं लागत होतं, कारण तिला ऐकू येत नव्हतं. झाल्यावर मी तिच्या पायांकडं वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"तुझा बाप माझ्या दारातून उपाशी गेला," ती म्हणाली. "तेव्हापासून मोरीत जाताना माझा मलाच हात दिसायचा रे. कुठं सुटला म्हणून. वासंतीनं सांगितलं तेव्हा सुटले, पण मनात राहिलंच, मग टेकला कुठं? आणि ह्या घरातली पोरं काय ऐकत मोठी झाली ठाऊक हाय? आयशीनं भाचीचा पाय घालवला." मी म्हणालो, "मामी, चुकलो." ती म्हणाली, "ते मला दिसतंय." आणि मग भिंतीला हात लावून तिनं आत हाक मारली, "विलास! सुनीता! इकडं या. वरच्यांनापण बोलवा."

विलास आला, आता तोच साठीकडं झुकलेला, बनियनवर. त्याची बायको सुनीता हात पुसत आली. जिन्यावरून त्यांचा मुलगा आणि सून उतरली, तिच्या कडेवर लेकरू. सगळे माझ्याकडं बघून हसले, पेणचा शशीदादा आला म्हणून. सुनीता म्हणाली, "चहा टाकू ना?" मामी म्हणाली, "चहा मागनं. आधी बसा सगळे." ते बसले. मग ती माझ्याकडं वळली.

"हां शशी," मामी म्हणाली. "आता यांना सांग. पहिल्यापासनं."